वारा पाहून पंख घ्यावा

'वारा पाहून पाठ द्यावी' ही म्हण आपल्या पूर्वजांनी केली ती सावधपणे संसार करणाऱ्या माणसांसाठी. वाऱ्याच्या तोंडी उभे राहण्यापेक्षा त्याच्याकडे पाठ करून अंगावरचे वस्त्र सावरावे, हा मध्यमवर्गाचा जुनाच शहाणपणा आहे. मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या आपल्या लोकांचे तर वाऱ्याशी नाते आणखी आटोपशीर. वारा म्हणजे लोकलच्या दारातून येतो तो. वारा म्हणजे दोरीवरचा टॉवेल खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात नेऊन टाकतो तो. वारा म्हणजे जुलै महिन्यात अंधेरीच्या पुलावर, भर गर्दीत, आपली छत्री उलटी करून आपले हसे करतो तो. समुद्र पश्चिमेला रिक्षाच्या अंतरावर असतो, मुलुंड-घाटकोपरकडच्यांना निदान पूर्वेला खाडी असते. पण आपण तिथे जातो ते भेळ खायला आणि सूर्य बुडाला की घरी यायला.

अशा वाचकांपुढे दिवाळीच्या दिवसांत 'फुगवायचा पंख कोणता घ्यावा' हा प्रश्न मांडायचा म्हणजे फराळाच्या ताटात कुणी होकायंत्र वाढल्यासारखे होईल. पण हा प्रश्न आता घरात शिरला आहे. आज माझ्या बहिणीच्या घरात शिरला, उद्या तुमच्या शिरेल. तेव्हा त्याची थोडी माहिती करून घेतलेली बरी.

तर प्रकार असा आहे. पाण्यावर एक फळी. फळीच्या पोटाखाली हातभर लांबीचा किंवा त्याहून थोडा अधिक एक उभा दांडा, आणि दांड्याच्या टोकाला विमानाच्या पंखांसारखे दोन छोटे आडवे पंख. याला फॉइल म्हणतात. माणूस फळीवर उभा राहतो आणि हातात कापडाचा एक मोठा, हवा भरून ताठ केलेला पंख धरतो. वारा त्या पंखात शिरला की फळी पुढे सरकते. वेग वाढला की पाण्यातले पंख तिला उचलतात, फळी पाण्याच्या वर येते आणि मग आवाज नाही, हिसका नाही, माणूस पाण्यापासून दोन फूट उंचीवरून तरंगत जातो. एकूण दोन पंख आले : एक हवेतला, एक पाण्यातला. मधल्या माणसाने दोघांचे जमवून घ्यायचे. लग्न झालेल्या वाचकांना हे अवघड वाटणार नाही.

ही कल्पना अगदी कालची नाही. पाण्यातल्या पंखांवर होडी उचलण्याचा प्रयोग इटलीत एन्रिको फोर्लानिनी यांनी १९०६ साली माज्जोरे सरोवरावर करून दाखवला होता. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनाही हाच नाद होता. त्यांच्या 'एचडी-४' या होडीने १९१९ साली ताशी सत्तर मैलांचा वेग गाठला. फळीवर शीड उभारण्याचे पेटंट अमेरिकेत जिम ड्रेक आणि हॉइल श्वाइत्झर यांनी १९६८ साली मागितले. फुगवलेल्या नळीचा पतंग फ्रान्समधल्या ब्रूनो आणि दोमिनिक लेगेन्यू या भावांनी १९८४ साली काढला. आजच्या पंखाचा फुगीर कणा त्यांच्याच पतंगावरून आलेला आहे. हे सारे एकत्र येऊन हातात धरायचा पंख २०१८-१९ नंतर बाजारात आला. म्हणजे खेळ नवा असला तरी त्याचे गोत्र बरेच जुने आहे.

मराठीत याला काय म्हणावे? आमच्या वर्गात हा प्रश्न निघाला असता तर तासभर चालला असता. 'पंख' म्हणावे, तर हा पंख फडफडत नाही. उलट फडफडला तर समजावे की आपले काहीतरी चुकते आहे. 'शीड' म्हणावे, तर शिडाला डोलकाठी लागते आणि हे तर दोन हातांत मावते. पण कामाच्या दृष्टीने हे शीडच. वेसावे, मढ, मनोरी, गोराई इथल्या कोळ्यांच्या होड्यांवर तिकोनी शिडे होती. १९५०-६०च्या दशकांत होड्यांना यंत्रे बसत गेली आणि ती शिडे एकेक करून उतरली. आज या किनाऱ्यावर एखादे शीड दिसले तर ते बहुधा हौशी माणसाचे असते. त्या अर्थाने हा पंख म्हणजे आपल्या किनाऱ्याच्या एका जुन्या वस्तूचे नव्या कपड्यांत परत येणे आहे.

आता घरातली हकिगत. माझी भाची बोरिवलीत राहते, सव्वीस वर्षांची आहे, चांगली मिळवते. गोव्याला चार दिवस गेली असताना तिने हा खेळ पाहिला आणि परत आली ती पंखांची माहितीपत्रके घेऊनच. दिवाळीत स्वतःच्या पैशाने पंख घेणार म्हणाली. ताईने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, त्याच पैशाच्या पाटल्या करायचे ठरवले होते. पण खरा वाद पाटल्यांचा नव्हता. ताई कॉलेजात असताना तिच्या वर्गातला एक मुलगा मित्रांबरोबर अक्साला पोहायला गेला तो परत आला नाही. तेव्हापासून ताई समुद्राकडे तोंड करून बसतसुद्धा नाही. हे तिने मुलीला कधी सांगितले नव्हते. मुलीला वाटले, आई पैशासाठी अडते आहे. आईला वाटले, मुलीला आपल्या जिवाची किंमत नाही.

"मामा, तूच सांग आता," भाची म्हणाली.

"सांग ना," ताई म्हणाली, "चार बुकं शिकलास ती कशाला?"

मराठीच्या प्राध्यापकाला पंखातले काय कळणार? पण दोन्ही बाजूंनी पंच नेमल्यावर निदान कागद वाचणे आले. मी माहितीपत्रके वाचली, जाणकारांना विचारले, वेसाव्याच्या किनाऱ्यावर दोन-तीन दुपारी जाऊन बसलो. त्यातून जे हाती आले ते इथे देतो. कारण हा प्रश्न निव्वळ खरेदीचा नाही, आणि तरीही खरेदी नीट समजली की बाकीचे पुष्कळसे आपोआप समजते.

पहिली गोष्ट : पंख घेण्याआधी आपला वारा ओळखावा. शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे घोकले होते. ते परीक्षेपुरते नव्हते हे आता कळते. पावसाळा सरल्यावर मुंबईला सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मंद मतलई वारा असतो. दुपारी जमीन तापली की वायव्येकडून खारा वारा सुरू होतो, तीन-चारच्या सुमारास तो भरात येतो आणि मार्च ते मे या महिन्यांत त्याला चांगला जोर असतो. हा जोर साधारण दहा ते पंधरा नॉट, म्हणजे ताशी अठरा ते अठ्ठावीस किलोमीटर. यंत्र नसेल तर डोळ्यांनीही ओळखता येते. झाडांच्या बारीक फांद्या हलू लागल्या, रस्त्यावरचे कागद उडू लागले आणि समुद्रावर बऱ्याच ठिकाणी पांढरा फेस दिसू लागला, की वारा अकरा ते सोळा नॉटचा समजावा. या रीतीचा पाया ब्रिटिश आरमारातल्या फ्रान्सिस बोफर्ट यांनी १८०५ साली घातला आणि अजून ती चालते.

दुसरी गोष्ट आकाराची. पंख चौरस मीटरवर मोजतात; दोन-अडीचपासून सात-आठपर्यंत आकार मिळतात. इथे लक्षात ठेवायचे सूत्र एवढेच, की वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा जोर चौपट होतो. म्हणून एकच पंख सगळ्या वाऱ्यांना पुरत नाही. पंचाहत्तर किलोच्या माणसाला पंधरा-वीस नॉटला पाच चौरस मीटर पुरतो. आपल्या बारा-पंधरा नॉटला त्याला सहा लागेल. भाची पंचावन्न किलोची, तिला इथे पाचच पुरे. दुकानदार म्हणतात, 'वारा कमी आहे, सात घ्या.' पण मोठा पंख लांबीलाही मोठा असतो. पाचाच्याच पंखाची लांबी अकरा फुटांच्या आसपास भरते. बुटक्या माणसाने त्याहून मोठा घेतला की टोक पाण्याला लागते, पंख पालथा होतो आणि दहा मिनिटांत खांदे भरून येतात. अंगापेक्षा बोंगा मोठा, हे आपल्याकडे फार पूर्वीच सांगून ठेवले आहे.

तिसरी गोष्ट मुठींची. काही पंखांना कापडी पट्ट्यांच्या मऊ मुठी असतात, काहींना ताठ मुठी, काहींना सलग आडवा दांडा. मऊ मुठी हलक्या आणि स्वस्त, पण पंख हाताला नेमका लागत नाही. ताठ मुठींना पंख लगेच वळतो. सलग दांड्यावर हात कुठेही सरकवता येतो, म्हणून नवशिक्याला तो सोयीचा. ज्याने त्याने धरून पाहावे. छत्रीची मूठसुद्धा आपण दुकानात धरून पाहतो. पण सगळ्यांत महत्त्वाची ती अगदी पुढची मूठ, फुगीर कण्यावरची. मागचा हात सोडून नुसती ती धरली की पंख झेंड्यासारखा वाऱ्याच्या दिशेने लोंबतो आणि त्यातला जोर जवळजवळ निघून जातो. पतंगाच्या खेळात वीस-वीस मीटरच्या दोऱ्या असतात. त्या माणसांत, जाळ्यांत, तारांत अडकू शकतात आणि त्यांना मोकळा किनारा लागतो. पंखाला दोऱ्या नाहीत. एकच, मनगटाला किंवा कमरेला बांधायची. आपल्या गर्दीच्या किनाऱ्यांना पतंगापेक्षा पंख बरा तो यासाठी. हे वाचून दाखवले तेव्हा ताईने पहिल्यांदा मान वर करून विचारले, "म्हणजे सोडला की सुटतो?" सुटतो.

चौथी गोष्ट कापडाची. फुगीर कण्याला बहुधा डेक्रॉन वापरतात. नाव परके वाटले तरी वस्तू ओळखीची आहे. अमेरिकेत ज्याला डेक्रॉन म्हणाले त्याच जातीच्या धाग्याला विलायतेत टेरिलीन म्हणत. ज्या टेरिलीनच्या शर्टाने एकेकाळी आपल्या वडील मंडळींची लग्ने झाली, त्याचाच हा भाऊ. मधले कापड पातळ पॉलिएस्टरचे, त्यात चौकटी-चौकटीने जाड धागा घातलेला, म्हणजे फाटले तरी फाट पुढे धावत नाही. हल्ली अलूला नावाचे आणखी हलके, ताठ आणि महाग कापडही आले आहे. ते शर्यतीत उतरणाऱ्यांनी पाहावे. काही पंखांना पारदर्शक खिडक्या असतात. त्यांनी वजन थोडे वाढते, घड्या पडून त्या धूसर होतात. पण जिथे होड्या आणि माणसे आहेत तिथे पलीकडचे दिसणे वजनापेक्षा मोलाचे. मुंबईत खिडकीचा पंख घ्यावा.

हवा किती भरायची तो आकडा बहुतेक पंखांवर छापलेला असतो. कण्यासाठी तो साधारण सहा ते आठ पौंडांचा असतो, म्हणजे स्कूटरच्या चाकातल्या हवेच्या चौथा हिस्सा. कमी भरली तर पंख मधे वाकतो. भरलेला पंख उन्हात वाळूवर टाकून वडापाव खायला गेलात तर आतली हवा तापून फुगते आणि आतली पिशवी फुटण्याची भीती असते. खेळ झाला की गोड्या पाण्याने धुवावा, सावलीत वाळवावा. ओला घडी करून ठेवला तर आपल्या दमट हवेत चार दिवसांत बुरशी धरते. कडक ऊन हा कापडाचा खरा वैरी; आपल्या आज्या पैठणी उन्हात वाळत घालत नसत, तोच नियम.

वापरलेला पंख घ्यायचा असेल तर तो दुकानात फुगवून रात्रभर तसाच ठेवायला सांगावे आणि सकाळी दाबून पाहावे. कापड चुरगळून ऐकावे. करकरीत कागदासारखे वाजले तर जीव आहे, धुतलेल्या धोतरासारखे मऊ पडले असेल तर जीव गेला. कण्याची शिवण, हवेच्या तोंडाभोवतीचा डिंक आणि टोकांची झीज पाहावी.

किमतीचे म्हणाल तर परदेशी भाव रुपयांत मांडले की नवा पंख साठ-सत्तर हजारांपासून लाख-सव्वा लाखापर्यंत जातो. आयातीचा कर वेगळा. आणि फळी-फॉइलचा खर्च पंखाहून जास्त. तेव्हा आधी पंख घेऊन मग 'बाकीचे पाहू' म्हणणे म्हणजे आधी नथ घेऊन मग स्थळ शोधण्यासारखे आहे.

इथवर खरेदी झाली. पण पंख घेतला तरी पाणी आपलेच, आणि आपले पाणी सरळ नाही. वेसाव्याच्या कोळीवाड्यात एका वयस्क गृहस्थांना मी पंखाचे चित्र दाखवले. त्यांनी पंखाकडे पाहिलेच नाही, खालच्या दांड्यावर बोट ठेवून विचारले, "ह्यो पाण्यात किती जातो?" मी म्हटले, पाऊण ते एक मीटर. ते म्हणाले, "मग पयले जाळी कुठं, खुंट कुठं ते इचारा." एवढे कोणत्याही माहितीपत्रकात नव्हते. आपल्या किनाऱ्याजवळ डोल जाळ्यांचे खुंट रोवलेले असतात, दोर पसरलेले असतात. त्यात तो दांडा अडकला तर जाळे कोळ्याचे फाटते आणि पाय आपला मोडतो. म्हणून त्या त्या कोळीवाड्यात आधी विचारावे. ते समुद्राचे खरे माहीतगार, आणि त्यांचे पोटही तिथेच आहे.

दुसरे, ओहोटी. मोठ्या उधाणाला मुंबईची भरती साडेचार मीटरच्या वर चढते, आणि मग तितकीच उतरते. जिथे दुपारी डोक्यावर पाणी होते तिथे संध्याकाळी चिखल आणि खडक उघडे पडतात. किनाऱ्यावरच्या जुन्या लोकांचा हिशोब सोपा आहे : तिथीची पाऊणपट करा, तितके वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा. हिशोब ढोबळ आहे, पण कामाचा आहे. खारा वारा तीन-चारला भरात, म्हणजे दोन्ही पक्षांतले तृतीया ते षष्ठीचे दिवस सोयीचे. वाराही असतो आणि पाणीही. दाते पंचांगाचा असा उपयोग होईल हे मला तरी माहीत नव्हते. संकष्टीचा उपास मात्र ज्याने त्याने आपल्या जबाबदारीवर करावा.

तिसरे, सकाळी मतलई वाऱ्यावर नवशिक्याने कधीही उतरू नये. तो वारा मऊ लागतो, पण खुल्या समुद्राकडे नेतो. पावसाळ्यात तर पाण्याचे नावच काढू नये. यंत्राच्या होड्यासुद्धा तेव्हा किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. तरंगण्याचे जाकीट, डोक्याला शिरस्त्राण आणि किनाऱ्यावर नजर ठेवणारे एक माणूस, या तीन गोष्टींवाचून पंख नुसता कापडाचा तुकडा आहे. अक्सासारख्या, ज्यांची ख्याती आपण सगळेच ऐकून आहोत, अशा किनाऱ्यांवर हा खेळ करूच नये.

हे शेवटचे वाक्य मी वाचले तेव्हा ताईने अक्साची गोष्ट मुलीला सांगितली. तीस वर्षांनी, चार वाक्यांत, डबे आवरता आवरता. भाची काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिनेच ठरवून टाकले : या दिवाळीला पंख नाही, आधी नीट शिकायचे, गोव्यात नाहीतर रामेश्वरला, तिथल्याच भाड्याच्या पंखावर, पोहणे पक्के करायचे, आणि मग मार्चमध्ये, पाच चौरस मीटरचा, खिडकीचा, वापरलेला मिळाला तर वापरलेला. ताईची अट एकच होती. किनाऱ्यावर नजर ठेवणारे ते माणूस ती स्वतः असणार. पाटल्यांचे काय झाले ते मी विचारले नाही. पंचाने निकालानंतर मैदानात थांबू नये.

वाचकांपैकी कुणाच्या घरी हा प्रश्न आला तर 'नको' म्हणण्याआधी आणि 'घे' म्हणण्याआधी मुलांना चार प्रश्न विचारावेत. वारा किती, कुठून आणि कितीपर्यंत? पाणी किती खोल आणि ओहोटी केव्हा? जाळी कुठे? आणि हातातले कसे सोडायचे, ते करून दाखव. ज्याला चारही उत्तरे देता येतात त्याला पंख घेऊ द्यावा. ज्याला देता येत नाहीत त्याला किनाऱ्यावर आठवडाभर दुपारचे बसायला सांगावे, हातात वही आणि पंचांग देऊन. बसायला पैसे पडत नाहीत. सोबत आपणही जावे. भेळ तिथेच मिळते, आणि वारा तर केव्हापासून फुकट वाहतो आहे.